आंब्याशिवाय दोन उन्हाळे

माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, दोन उन्हाळे आंबा तोंडात घातला नव्हता. शेतातून रस्ता गेला तेव्हा त्यांच्या बांधावरचा आंबा फांद्या छाटून, मुळांसकट उचलून, डोंगराजवळच्या वृक्षउद्यानात नेऊन लावला होता. ‘तो जगला तरच खाईन,’ असं आबांनी जाहीर करून टाकलं. मी आंब्याच्या बाबतीत अगदी हावरट. समोर माणूस असा व्रत धरून बसल्यावर आमरस घशाखाली उतरतो होय? मला भारी राग यायचा.

होळीनंतर त्या झाडाला नारळ द्यायचा, हा घरचा रिवाज. यंदा आबा एकदाचे तयार झाले आणि सुकापूरच्या फ्लॅटमधून आम्ही चौघं निघालो. उद्यानाच्या दारावरच्या रखवालदाराने सासूबाईंची काडेपेटी काढून घेतली. पुरणपोळी दिली, तीही घेतली.

रस्त्यासाठी उचललेले सगळे आंबे तिथे एका रांगेत उभे होते. फांद्या नाहीत, तर ओळखायचे कसे? सासूबाई तांबूस पालवी फुटलेल्या एका झाडाकडे तडक गेल्या. “ह्योच आपला!” म्हणत कुंकू लावून, नारळ फोडून मोकळ्या. माझा नवरा फोटो काढत राहिला.

आबा मात्र पार टोकाला, एका बोडक्या खोडापाशी उभे होते. खोडावर बैलाच्या दाव्याने पडलेली खाच होती. “आपला ह्यो हाय,” ते हळूच म्हणाले. झाडावर एक पान नव्हतं. माझा राग कुठल्या कुठे गेला, मला रडूच यायला लागलं.

“अवो, नुसतं उभं काय ऱ्हायलाव? खरवडून बगा की!” सासूबाई करवादल्या.

आबांनी अंगठ्याच्या नखाने साल खरवडली. आत ओलं, हिरवंगार.

“जिता हाय!” आबा एवढ्याने ओरडले की रखवालदार पळत आला.

आता नारळाची पंचाईत. सासूबाईंनी पहिल्या झाडाखालून एक वाटी उचलून आणली, दुसरी तिथेच ठेवली. “त्याला पन कुनी घरातनं उठवून आनलाय. असू दे अर्धा.”

परतताना कोन गावाच्या नाक्यावर आबांनी गाडी थांबवायला लावली. रस्त्याकडेला बसलेल्या आंबेवालीच्या पाटीतला एक आंबा घेतला, सदऱ्याला पुसला आणि तिथेच उभ्याने चोखून खाल्ला, रस कोपरापर्यंत. मग दुसरा माझ्यापुढे धरला.

“घे पोरी. दोन वर्सं तू पन मनासारका खाल्ला नाय. मना म्हाईत हाय.”