इस्त्रीबाईची स्लोवाक आणि घडीवालीची पश्तो

हॉटेलच्या तळघरात धुलाईखाना होता, आणि त्या धुलाईखान्यात इस्त्रीबाईचं राज्य होतं. खरं नाव पगाराच्या पावतीवर असेल तेवढंच. बाकी सगळे तिला इस्त्रीबाईच म्हणत, आणि तिच्या माघारी आणखीही काही म्हणत. ती रागीट होती, नाकावर माशी बसू द्यायची नाही. चादरीवर एक सुरकुती राहिली तर धुणाऱ्याचा सात पिढ्यांपर्यंत उद्धार व्हायचा. तो उद्धार ती आपल्या मायबोलीत, म्हणजे स्लोवाक भाषेत करायची. त्यामुळे ऐकणाऱ्याला शिवी लागायची, पण कुठली ते कळायचं नाही.

लग्न होऊन ती या परक्या मुलखात आली त्याला जमाना झाला. नवरा होता तोवर घरात स्लोवाक चालायची. तो गेला आणि घर मुलीचं झालं. मुलगी, जावई, नातू सगळे इथली भाषा बोलायचे. इस्त्रीबाईनं स्लोवाकमधून काही विचारलं तर मुलगी उत्तर इथल्या भाषेत द्यायची. वर म्हणायची, "आई, आता कोण बोलतं गं ती? पोराच्या डोक्यात गोंधळ नको."

मग इस्त्रीबाई सगळा राग डब्यात भरून कामावर घेऊन यायची.

अशात मुकादमानं तिच्या जोडीला एक नवी बाई दिली. मोठी चादर एकटीला घडी घालता येत नाही. दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे, ताणायचं, झटकायचं, एकमेकींकडे चालत यायचं आणि टोकाला टोक मिळवायचं. जोडीदारीण आवडो न आवडो, दिवसभरात शेकडो वेळा तिच्या नाकासमोर जाऊन उभं राहावं लागतं. ही नवी बाई उंच, सडपातळ, इस्त्रीबाईहून वीसेक वर्षांनी लहान. तिची मायबोली पश्तो, पठाणांची भाषा. तिला सगळे घडीवाली म्हणू लागले.

पहिल्याच सकाळी घडीवाली हसत आत आली आणि म्हणाली, "स्तडे मशे!"

इस्त्रीबाईचे कान टवकारले. स्लोवाकमध्ये 'स्तरा' म्हणजे म्हातारी. तिनं तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी इस्त्रीबाईनं हातातली चादर खाली टाकली आणि इथल्या मोडक्यातोडक्या भाषेत ओरडली.

"रोज उठून मला म्हातारी म्हणतेस? आरशात बघ आधी स्वतःला!"

घडीवाली चक्रावली. "म्हातारी कोण म्हणालं, मावशी? आमच्यात कामावरच्या माणसाला असंच म्हणतात. थकू नकोस, असा अर्थ आहे त्याचा."

"थकू नकोस म्हणायचं तर मग तसं म्हण ना! म्हातारी कशाला म्हणतेस? आणि मी कुणाची मावशी नाही."

झालं. ज्या शब्दानं ओळख व्हायची, त्याच शब्दावरून ठिणगी पडली. गैरसमज दूर झाला, पण इस्त्रीबाईनं राग दूर होऊ दिला नाही. तिचं म्हणणं एकच: शब्दाचा अर्थ काहीही असो, माझ्या कानाला तो वाईट लागतो.

पुढे घडीवाली जेवणाच्या सुट्टीत आईला फोन करायची. पश्तोत आईला 'मोर' म्हणतात. आपल्याला मोर म्हटलं की पिसारा दिसेल, पण स्लोवाकमध्ये मोर म्हणजे महामारी, गावंच्या गावं ओस पाडणारी. मोर म्हणजे आई, हे इस्त्रीबाईला कुणीतरी सांगितलं होतं, तरी शेजारच्या बाकावर तिच्या कानाला रोज हेच ऐकू यायचं: महामारी कशी आहे, महामारी जेवली का, महामारीचे गुडघे दुखतात का.

"जन्मदात्रीला रोगाचं नाव देते, ती काय भाषा झाली!" ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

घडीवाली आतापर्यंत सोसत होती. पण गोष्ट आईवर आल्यावर तीही कमरेला पदर खोचल्यासारखी उभी राहिली. "रोगाला माझ्या आईचं नाव तुमच्या लोकांनी दिलं. लाज तुम्हाला वाटायला हवी."

त्या दिवसापासून सुट्टीत रोज सामना रंगू लागला, मुद्दे इथल्या भाषेत आणि शिव्या आपापल्या भाषेत. कपडे धुणारे, वाळवणारे डबे घेऊन भोवती बसायचे. इस्त्रीबाईनं आपलं ब्रह्मास्त्र काढलं: "स्त्र्च प्र्स्त स्क्र्झ क्र्क! म्हण बघू!" बोट घशात खुपस, असा अर्थ, आणि अख्ख्या वाक्यात औषधालाही स्वर नाही. भल्याभल्यांच्या जिभेला गाठ बसायची. घडीवालीनं मात्र एकदा ऐकलं आणि जसंच्या तसं परत केलं. पश्तोतही व्यंजनं एकमेकांच्या मानगुटीवर बसतात, तिला त्याचं काय!

"आता तुम्ही म्हणा. काणय. काणय म्हणजे दगड."

"कानय," इस्त्रीबाई म्हणाली.

"कानय नाही. काणय."

"कानय!"

सगळे हसले. स्लोवाक जिभेला आपला 'ण' सापडेना. इस्त्रीबाई लालबुंद झाली, डबा आपटून उठली आणि दुपारभर चादरी अशा झटकत राहिली की समोरच्या टोकाला घडीवालीचे खांदे हलायचे.

दुसऱ्या दिवशी ती तयारीनं आली. "मी धुतलं असं सांगताना आमचं क्रियापद सांगतं, धुणारी बाई होती की बाप्या. तुमचं?"

"आमचं बघतं, काय धुतलं. चादर असेल तर तसं, रुमाल असेल तर तसं." आपण चादर धुतली, रुमाल धुतला म्हणतो, तसंच ते.

"बघा!" इस्त्रीबाई टाळी वाजवून म्हणाली. "राबून मरते बाई, आणि मान कुणाला? चादरीला!"

"तुमच्या बाईला मान मिळालेला दिसतोय की," घडीवाली शांतपणे म्हणाली. "तिला क्रियापद मिळालं. सुट्टी मिळाली का?"

या वेळी हसणाऱ्यांत मुकादमही होता. इस्त्रीबाई घरी गेली ती कढत राहिली. 

मग तो अपघात झाला. भिंतीलगत चादरींना इस्त्री करणारं मोठं रोलर होतं, तापलेलं, माणसाच्या कमरेएवढं जाड. दोघी दोन बाजूंनी चादर आत सोडायच्या. इस्त्रीबाईच्या हाताखाली चादरीचा कोपरा दुमडला. तो सरळ करायला गेली आणि बोटं कापडाबरोबर आत ओढली जाऊ लागली. घडीवालीनं ते आधी पाहिलं आणि किंचाळली, "लास! लास!"

पश्तोत लास म्हणजे हात. पण स्लोवाकमध्ये 'व्लास' म्हणजे केस. केस अडकले असं वाटून तिचा मोकळा हात डोक्याकडे गेला, आणि दुसरा हात तसाच पुढे गेला. घडीवालीनं धावत जाऊन लाल दांडी दाबली. रोलर थांबलं. दोन बोटं भाजली, पण पंजा वाचला.

मुकादमानं दोघींना आपल्या काचेच्या खोलीत बोलावलं. इस्त्रीबाईच्या हाताला पट्टी होती. जीभ शाबूत होती.

"हात जळत असताना ही केस केस म्हणून ओरडते!"

"मी हातच म्हणाले. दांडी कुणी दाबली ते पण सांगा ना."

"दाबली, पण आधी फसवलं."

"बस्स!" मुकादमानं टेबलावर हात आपटला. "आजपासून खाली फक्त इथली भाषा. तुमची नको, हिचीही नको. एक शब्द ऐकला तर दोघी घरी."

दोघी खाली आल्या. आपण जिंकलो की हरलो, इस्त्रीबाईला ठरवता येईना. नुसत्या इथल्या भाषेत भांडायला तिला जमत नव्हतं. त्या भाषेत तिला किराणा आणता यायचा, डॉक्टरला दुखणं सांगता यायचं, पण कुणाची खरडपट्टी काढता यायची नाही. दिवस सरू लागले तसं तिच्या लक्षात आलं, अलीकडे आपल्या तोंडून स्लोवाक निघायची ती याच एका जागी, या एकाच बाईवर ओरडताना. हे कळल्यावर तिला घडीवालीचा आणखीच राग आला.

एकदा मुकादम चादरी मोजायला आला आणि एक डाग दाखवून दोघींना नको ते बोलला. इस्त्रीबाईचा बांध फुटला. तिनं स्लोवाकमध्ये त्याची जी पूजा बांधली, ती पाइपांच्या वाफेतही घुमली.

मुकादमानं घडीवालीकडे पाहिलं. "काय म्हणाली ती?"

"साहेब, तुमच्या पोराबाळांसाठी प्रार्थना केली."

"आणि तू आता हळूच काय पुटपुटलीस?"

"मी आमेन म्हणाले."

मुकादम दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिला. जोडी मोडली तर दुसरी कुणी इस्त्रीबाईसमोर टिकणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. "रोलरपाशी मात्र इथल्या भाषेत 'थांब' म्हणायचं. बाकी मरा," म्हणून तो वर गेला.

तो दिसेनासा होताच इस्त्रीबाई घडीवालीवर उखडली. "मी आणि त्याच्यासाठी प्रार्थना? खोटारडी! माझ्या शिव्यांची माती केलीस."

"मग सांगायचं होतं का खरं?"

"हो! सांगायचं होतं!"

दुपारी घड्या मोजताना दोघी आपापल्या भाषेत मोजू लागल्या. "येदेन," इस्त्रीबाई म्हणाली. "यव," घडीवाली म्हणाली. पुढची चादर ठेवली आणि दोघींच्या तोंडून एकदम निघालं, "द्वा."

दोघी थबकल्या.

"हा आमचा आहे," इस्त्रीबाई म्हणाली.

"आमच्याकडे आधीपासून आहे."

"चोरलात!"

"आमच्या डोंगरात तुमचा आकडा चोरायला कोण येणार?"

ते भांडण घंटा होईपर्यंत चाललं आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू झालं. मैत्री म्हणाल तर ती कधीच झाली नाही. दोघी कधी एका ताटात जेवल्या नाहीत, एकमेकींच्या घरी गेल्या नाहीत. पण इस्त्रीबाईनं पुढची काही वर्षं दुसरी जोडीदारीण मागितली नाही.

ती निवृत्त झाली त्या दिवशी खाली केक कापला. सगळे आले. घडीवालीनं मात्र नेमकी त्याच दिवशी सुट्टी टाकली होती. इस्त्रीबाई अजून ते मुलीला ऐकवते.

"पण आई, तुमचं दोघींचं तर जमतच नव्हतं ना?"

"नव्हतंच जमत," इस्त्रीबाई स्लोवाकमध्ये म्हणते. "म्हणून काय यायचं नाही?"