मॅचच्या दिवशी फोन करायचा नाही

माझा धाकटा भाऊ पगार घेऊन फुटबॉल खेळतो. डाव्या बाजूचा बचाव त्याच्याकडे. पण मॅचच्या दिवशी सकाळपासून संडासाच्या वाऱ्या, घशाखाली घास उतरत नाही, आणि मैदानात उतरला की पहिला पाव तास साहेब चिखलात रुतल्यासारखे उभे! त्याच्या बाजूने गोल होतो, समोरचे नाचतात, मग हा जागा होतो आणि जिवाच्या आकांताने खेळतो. अरे मेल्या, मग आधीच का नाही खेळत?

गेल्या हंगामात प्रशिक्षकाने त्याला तोंडावर सांगितलं, आणखी एकदा अशी सुरुवात केलीस तर पुढचा करार विसर. तेव्हापासून आमच्या सगळ्यांच्या जिवाला घोर लागला.

आमचं घर समुद्राकाठच्या थळ गावचं, कोळ्याचं. होडी सुटताना आमच्याकडे माणसाला मागून हाक मारत नाहीत, कुठे निघालास विचारत नाहीत. बायका तोंडाला कुलूप लावून किनाऱ्यावर उभ्या. आईने हाच नियम मॅचला लावला. त्या दिवशी त्याला फोन करायचा नाही म्हणजे नाही. मी एकदा नुसता मोबाइल उचलला तर खेकसलीच, "अपशकुन करतेस व्हय गं?"

करार ठरवणारी मॅच आली. आई ओट्यावर सुकट निवडत होती, बाबा जाळं सांधत होते, घरात कोणी चकार शब्द काढत नव्हतं. दुपारी फोन वाजला. भाऊच! मी स्पीकर लावला.

"बाकीच्या पोरांच्या आया सकाळपासून फोन करतायत," त्याचा आवाज रडवेला होता. "तुम्हीच तेवढे करत नाय. म्हणजे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त घाबरलाव. कोणीतरी बोला ना माझ्याशी."

घ्या! आम्ही इकडे शकुन सांभाळत होतो आणि पोरगं तिकडे एकटं कुढत होतं. आई फोनकडे सरकली आणि तिला नेहमीचंच सुचलं.

"माझा स्टीलचा मोठा डबा कुठाय? गणपतीत करंज्या भरून नेलास तो. परत आणायची अक्कल हाय का न्हाय?"

डब्यावरून ती टॉवेलवर गेली, टॉवेलवरून त्याच्या केसांवर. पलीकडून आधी नुसते हुंकार, मग खिदळणं. शेवटी म्हणाला, "आये, पुरे, बस निघाली."

संध्याकाळी टीव्हीवर शिट्टी वाजली आणि पहिल्याच हल्ल्यात त्याने समोरच्याच्या पायातून चेंडू काढून घेतला. आई ओरडली, "बघ, डब्याचं लागलं त्याला!" मॅच बरोबरीत सुटली, पुढचा करार मिळाला. डबा अजून आलेला नाही.

त्यानंतर बाबांची होडी निघाली तेव्हा आम्ही नेहमीसारख्या गप्प उभ्या होतो. बाबा गुडघाभर पाण्यात गेले, थांबले आणि मागे वळले. जन्मात कधी वळले नव्हते.

"अगं," ते आईला म्हणाले, "माझ्याकडं तुझा काय डबा-बिबा न्हाय व्हय?"

आईचे डोळे भरले. एवढी वर्षं हा माणूस तसाच पोटात गोळा घेऊन समुद्रात जात होता आणि आम्ही शहाण्यासारख्या गप्प!

तिने पदर खोचला. "छपराचा पत्रा कवाचा हालतोय, तो कोण बांधणार?" होडी पार लांब गेली तरी ती ओरडतच होती.