लाल टोकाची मोगरी

भाऊ गेला तेव्हा मी भुसावळला घरी पंख्याखाली बसून क्रिकेटची मॅच बघत होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यापासूनच सुरू होतं. श्रावणातल्या त्या मंगळवारी त्याचा पारोळ्याहून फोन आला होता. आवाजात दम नव्हता. म्हणाला, "यंदा माले जमाव नही रे. रथले मन्ही जागा तू धर. ये, मोगरी कशी लावतस ते बठ्ठं दखाडस तुले." मी म्हणालो, रविवारी येतो. शुक्रवारी तो गेला. रविवारी मी पोचलो तो त्याची राख सावडायला.

मोगरी म्हणजे लाकडाची पाचर. दसऱ्यानंतर पारोळ्यात बालाजीचा रथ निघतो. त्या अवाढव्य लाकडी रथाला ना ब्रेक, ना वळवायचं साधन. चाकाखाली मोगरी सरकवायची, तिच्यावरच तो थांबतो आणि वळतो. भाऊ तीस वर्षं मागच्या डाव्या चाकाजवळ चालला. मी रेल्वेत डब्यांचे ब्रेक तपासण्यात आयुष्य घालवलं, त्यामुळे त्याची थट्टा करायला मला फार आवडायचं. "तुमच्या देवाला आमच्या यार्डातून कोणी बाहेर सोडणार नाही," असं म्हणायचो. एकदा तर उरलासुरला लाल ऑइलपेंट नेऊन त्याच्या मोगरीचं टोक रंगवलं होतं. थांबायची खूण लालच हवी ना! तो पोट धरून हसला होता. दरवर्षी म्हणायचा, एकदा रथाला ये. मी दरवर्षी पुढच्या वर्षावर ढकलायचो.

यंदा जायचं नाही असंच ठरवलं होतं. पण रथाच्या दिवशी सकाळी घरात बसवेना. जळगावला एसटी बदलून पारोळ्याला उतरलो. वहिनीकडे कोणत्या तोंडाने जाणार? सरळ भुईकोट किल्ल्याची वाट धरली. लहानपणी रथाच्या दिवशी आम्ही दोघं तटाच्या सावलीत शेंगा खात बसायचो, तिथेच जाऊन बसलो. खंदकातलं पाणी शेवाळलं होतं, बुरुजावर गवत माजलं होतं. इतक्या वर्षांत देवाकडे मी कधी काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी मनात म्हटलं, बालाजी, मला तुझ्याकडून काही नको. फक्त त्याला सांग, मी आलो होतो.

दुपार कलली तसा गोविंदा गोविंदाचा गजर जवळ आला. कुणी ओळखू नये म्हणून रुमाल डोक्यावरून ओढून घेतला आणि रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. ज्या घरापुढे आरतीचं ताट येतं, तिथे रथ थांबतो. त्या दिवशी तो माझ्याच पुढ्यात थांबला. मागचं डावं चाक माझ्यापासून दोन हातांवर होतं. चाकाजवळून एक म्हातारे गृहस्थ पुढे आले. सगळे त्यांना नाना म्हणत होते, मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी माझा रुमाल बाजूला केला आणि निरखून पाहिलं. भावाचं आणि माझं नाक एकच. मग खांद्यावरची मोगरी त्यांनी माझ्यापुढे धरली. तिचं टोक लाल होतं.

"सकायपाईन खांदावर लिसन फिरी ऱ्हायनू," नाना म्हणाले. "तुन्हा भाऊनी सांगेल व्हतं, मन्हा भाऊ येई. त्यानाच हातमा दिज्यात."

मी म्हटलं, "नाना, मला हे येत नाही. आणि घरात दुःख झालंय. चालेल का?"

"भाऊनी जागावर भाऊ उभा ऱ्हास, त्यामा कसानं सुतक? तू लाकूड लाव. थांबाडनारा वर बशेल शे."

रथ हलला. थोडं पुढे गेल्यावर वळणाशी नानांनी हात वर केला आणि मी वाकलो. चाक लाकडावर चढलं, करकरलं आणि थांबलं. जन्मभर ब्रेक हाताळलेल्या माणसाला एवढं नक्की कळतं, की ते वजन माझ्या हाताने थांबलेलं नव्हतं. जमलं बघ भाऊ, असं म्हणायला मी मान वळवली. शेजारी नाना होते. भर रस्त्यात, एवढ्या लोकांसमोर, मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलो.

नंतर नानाच मला वहिनीकडे घेऊन गेले. माझ्या हातातली मोगरी पाहून ती दारातच बसली. भाऊ शेवटपर्यंत तिला सांगत होता, तो येईल. तिनेच ते मानलं नव्हतं. मग तिने मला पोटभर जेवू घातलं.

भावाची भेट हुकली ती हुकलीच. ती मला बालाजीही परत देणार नाही, आणि हे दुःख माझ्याबरोबरच जाईल. पण त्याच्यापर्यंत जो निरोप पोचव म्हणून मी देवाला विनवलं, तो भावाला आधीच ठाऊक होता. एवढं बालाजीने मला कळू दिलं, त्यासाठी रोज हात जोडतो. बाकीचं त्याच्यावर सोपवलं आहे.

परवा वहिनीचा फोन आला. पत्रे गळताहेत, सवडीने ये म्हणाली. 'रविवारी येतो' अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात दाराआड उभं केलेलं लाल टोक दिसलं. मी दुपारच्याच एसटीने निघालो.