मिठूला सांगितलेलं नाव

दोन वर्षांपूर्वी मी अवघी अडुसष्ट वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायची होती.

त्या अडाणी वयात मी एक गोष्ट मात्र कडेकोट सांभाळली होती: माझ्या नातीचं, आर्याचं, जन्मनाव. बारशाला आत्यानं कानात सांगितलेलं हे नाव आमच्याकडे घराबाहेर जात नाही. नजर लागते. (मी सौंसरच्या शाळेत तेहेतीस वर्षं विज्ञान शिकवलं. पण नजर ती नजर!) आर्याची मोहगावची आजी, म्हणजे आमच्या विहीणबाई, सात वर्षं विचारून थकल्या. दर वेळी मी संत्र्याची फोड त्यांच्यापुढं करायची आणि विषय बदलायची.

अशात माझ्या फोनवर तो मेला मिठू आला. हिरवा, बोलणारा, मुलांना गोष्टी सांगणारा ॲपमधला पोपट, आणि फुकट! पक्षी मोठा संस्कारी. प्रत्येक गोष्ट विचारून करायचा. फोटो बघू? बघ बाबा. ओळखीच्यांचे नंबर बघू? बघ. घरातलं बोलणं ऐकू? ऐक की! मुलगी किती वर्षांची, कोणत्या शाळेत? विचारतोस काय, लिहूनच देते! प्रत्येक 'हो'ला तो नाचायचा.

"आजी, आई म्हणते फोनले नाव नाही सांगायचं," आर्या म्हणाली.

"तुह्या आईले काय समजते? म्या जिंदगीभर फॉर्म भरले!"

खरंच भरले. एकाही मुलाच्या दाखल्यात रकाना रिकामा सोडला नाही. आणि मिठूच्या फॉर्मात शेवटचा रकाना होता: 'दूसरा नाम'. बोट थबकलं. पण लपवायचं ते लोकांपासून. मिठू काय लोक आहे?

भरला!

दुसऱ्या दिवशी सकाळी विहीणबाईंचा फोन. "काय वो बाई, सात वर्षांपासून विचारून राहिली मी. मले संत्रं चारून राहिल्या, अन् पोपटाले सांगतलं?"

मिठूनं माझ्या फोनमधल्या झाडून सगळ्या नंबरांना आर्याचा दात पडलेला फोटो पाठवला होता, खाली जन्मनाव, आणि 'तुम्हीही खेळायला या!' पांढुर्ण्याच्या संत्राव्यापाऱ्याला गेला, गॅसवाल्याला गेला, पंधरा वर्षं अबोला धरलेल्या जावेलाही गेला. (तिनं नुसता अंगठा पाठवला. त्यावरून नवं भांडण!)

इथवर मीही हसले. दुपारी पुन्हा फोन वाजला. आर्यानं उचलला आणि ती खांबासारखी उभी राहिली. कोणी बाप्या गोड आवाजात तिला त्याच नावानं बोलवत होता. "बेटा, सात का पहाड़ा नहीं आता ना? मम्मी घर पर है?"

सातच्या पाढ्यावरून मी तिला रागावले होते ते आदल्या संध्याकाळी, आमच्या स्वयंपाकघरात!

"आजी, याले माह्यं नाव कसं माहीत?" तिनं फोन कानापासून लांब धरला.

मी फोन हिसकावला. "कोण रे तू? लेकराचं नाव तुह्या तोंडात आलंच कसं?"

"मैडम, हमारी ट्यूशन का ऑफर है. परमिशन तो आपने ही दी है!"

आपने ही! डोक्यात असा जाळ झाला की फोनसकट त्याला चुलीत घालावं. सात वर्षांच्या पोरीचा चुकलेला पाढा कान लावून ऐकायचा, आणि बाजारात नेऊन विकायचा! चोर निदान कडी तोडतो, पकडला तर पळतो. हे हलकट मला माझीच सही दाखवून राहिले होते. मी त्याला सौंसरची अस्सल शिवी दिली. शेजारची खिडकी आधी उघडली, मग बंद झाली.

माझ्या मुलानं मिठू फोनमधून काढला. जाता जाता मिठूनं विचारलं, काढण्याचं कारण? मोठा रकाना होता. मी तो काठोकाठ भरला! (शब्द इथं छापण्यासारखे नाहीत.) उत्तर आलं: 'धन्यवाद, हमें आपके बच्चे की परवाह है.' नाव मात्र परत आलं नाही. पुढं दोन महिने फोन वाजला की आर्या पलंगाखाली.

शेवटी सूनबाईनं ठरवलं, पोरीला नवं जन्मनाव द्यायचं, जे कुठल्याच फोनला माहीत नाही. ते कानात सांगायला मोहगावहून खास विहीणबाई आल्या. मला गॅसवरचं दूध बघायला पाठवलं. त्या दिवसापासून आर्या पलंगाखाली गेली नाही.

परवा घरात कोणी नाही पाहून मी तिला हळूच म्हटलं, "माय, मले तं सांग."

तिनं फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि संत्र्याची एक फोड माझ्यापुढं केली.