आजोबांचं पहिलं पान

माझे आजोबा निजामाच्या राज्यात शाळामास्तर होते. तहसीलदाराच्या हुकमावरून त्यांनी उर्दूत गावाचा इतिहास लिहिला. मीही इतिहासाचाच मास्तर, आता निवृत्त. आजोबांना मी खुशाल चमचा म्हणायचो, न वाचताच! उर्दू येते कुठं मला?

यंदा मी गावाचा इतिहास लिहायला घेतला. छापून देणार माजी सरपंच. त्यांची अट एकच, त्यांच्या आज्याबद्दल वाकडं लिहायचं नाही. तो आजा निजामासाठी लेव्हीचं धान्य वसूल करायचा. म्हटलं, आता आपणही चमचे.

तेवढ्यात आजोबांची ती उर्दू वही सापडली. बीडला एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडं नेली. पहिल्या पानावर हुजूरांची अशी आरती, की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढं मात्र विहीर कुणी खोदली, दुष्काळात कोण गाव सोडून गेलं, सगळं होतं. ज्वारी दिली नाही म्हणून सरपंचाच्या आज्यानं एका मेंढपाळाला चावडीपुढं बांधून मारलं, तेही दोघांच्या नावानिशी.

शिक्षक हसून म्हणाले, "साहेब लोक पहिलंच पान वाचतात, हे तुमच्या आजोबांना पक्कं ठाऊक होतं."

मी लई खूश झालो. घरी येऊन तसंच केलं. पहिल्या पानावर सरपंचांची स्तुती, मेंढपाळाचा मार मधल्या पानात. सरपंचांनी पहिलं पान वाचलं आणि पुस्तक छापून आणलं.

पण माझी अक्कल गेली होती चरायला. आमच्या गावात नवा कागद वा पुस्तक आलं की मारुतीच्या पारावर ते अथपासून इतिपर्यंत मोठ्यानं वाचायचा, हा रिवाज. लिहील त्यानंच वाचायचं. सरपंच हार घालून खुर्चीत, समोर त्या मेंढपाळाचा म्हातारा नातू. ते पान आलं आणि मी चष्मा काढून पुसायला लागलो. पान उलटावं, असं मनात आलंच. खोटं कशाला बोलू?

"थांबलात कावून, गुरुजी?" म्हातारा म्हणाला.

वाचलं. सरपंचांची मान खाली गेली, पण उठून जायची सोय नव्हती, सगळं गाव बघत होतं. म्हातारा काठी टेकत पाराजवळ आला.

"माझ्या आज्याचं नाव अजून एकदा घ्या. जरा मोठ्यानं."

मी ते नाव पुन्हा वाचलं, पार वेशीपर्यंत जाईल असं. निजामाच्या राज्यात आजोबांना ते एकदाही मोठ्यानं वाचता आलं नव्हतं.