एक पाऊल माझ्याकडे

आज सकाळी भनपुरीहून कमलादीदीनं व्हॉट्सॲपवर एक जुना फोटो पाठवला, आणि उरला या कारखान्यांच्या वस्तीतल्या त्या मैदानावरची लोखंडी धूळ पुन्हा माझ्या दातांखाली करकरली.

रेल्वेच्या व्हॉलीबॉल संघात समोरून आलेली सर्व्हिस उचलून देणं हे तेव्हा माझं काम. उपांत्य सामन्याचा शेवटचा सेट चालू होता. माझ्या हातून लागोपाठ दोन बॉल बाहेर उडाले, आणि आता समोरच्यांना जिंकायला एकच गुण हवा होता. कोच ओरडले, "इसको बाहर बैठाओ!"

आमची कॅप्टन कमलादीदी ऐकेना. "हिले काहून काढता सर? हीच पोट्टी उचलन."

तिसरी सर्व्हिसही माझ्यावरच आली. मनगटं चरचरली, पण बॉल बरोबर स्मॅशसाठी चढवून देणाऱ्या सेटरच्या डोक्यावर गेला. तो गुण आमचा, पुढचे दोनही आमचे, आणि सामनाही. सामना मी वाचवला, असं मी वर्षानुवर्षं सांगत आले.

आज त्या तिसऱ्या सर्व्हिसचा हा फोटो मोठा करून पाहिला. बॉल अजून हवेत आहे, माझे हात पसरलेले. आणि डावीकडून कमलादीदी, उजवीकडून संघातली सुनीता, दोघीही आपली जागा सोडून एकेक पाऊल माझ्याकडे सरकल्या आहेत. माझ्या वाट्याचं मैदान त्यांनी गुपचूप लहान करून ठेवलं होतं. अशा मैत्रिणी होत्या म्हणून माझी मान तेव्हापेक्षा आज जास्त ताठ झाली.

मी फोन लावला. "दीदी, तेव्हा काहून नाही सांगितलं?"

"सांगतलं असतं तर तू आमच्याकडेच पाहत राहिली असती," दीदी हसली. "मग बॉल कोनं पाह्यला असता?"