गच्चीवर उजळलेली ट्यूब
आज चार मार्च. जुन्या ट्यूब भंगारात काढताना चिखलीची आमची गच्ची आठवली. लेकीच्या अभ्यासासाठी तिथं खोली हवी होती. नवरा वेल्डर, शिफ्ट सुटल्यावर तो स्वतःच बांधणार होता. "आपल्याच गच्चीला परवानगी कशाला?" असं मीच म्हणायचे. दारातले लोखंडी अँगल बघून पालिकेच्या इंजिनिअर बाई तिन्हीसांजेला वर आल्या. डोक्यावरून हायटेन्शनची लाइन जात होती. त्यांनी एक सुटी ट्यूब मागितली आणि नुसती हातात उभी धरली. ना वायर, ना बटण, तरी ट्यूब उजळली! "अगं बाई, चमत्कारच!" सासूबाईंनी हात जोडले. "चमत्कार नाही आजी, वरची वीज आहे. तुमची खोली तिच्या आणखी जवळ जाणार. परवानगी देताना आम्ही हेच बघतो." त्या फिक्या उजेडात लेकीचा चेहरा दिसत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आधी गच्चीवरची कपडे वाळत घालायची तार काढली, मग मागच्या अंगणातल्या खोलीसाठी परवानगी मागायला गेले.